साले म्हणजे मीठ

नर्सनं विचारलं, "नाव काय?" नाव मला माहीत होतं. तोंडातून नुसती लाळ आली. उजवा हात खाटेवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडला होता.

डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक. मेंदूची नस बंद होते, आपण लकवा म्हणतो तो. सकाळी हातातून तांब्या सुटला, तोंड वाकडं झालं. चक्कर असेल म्हणून मी पडून राहिले. दुपारी शेजारच्या यशोदानं पाहिलं. देवरीहून गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तुम्ही असा मूर्खपणा करू नका. लगेच निघा.

सीटी स्कॅन झाला, म्हणजे डोक्याच्या आतला फोटो. मग एक नवा शब्द ऐकला, अफेजिया. शब्द डोक्यात असतात, तोंडापर्यंत येत नाहीत.

"यांना समजतं की नाही, ते पाहावं लागेल," डॉक्टर यशोदाला म्हणाले. मला सगळं समजत होतं.

चौथ्या दिवशी पहिला शब्द आला. पेज अळणी होती. मी म्हणाले, "साले."

नर्सनं वाटी आपटली. "मैं खिला रही हूँ और ये गाली दे रही है!"

"साले," मी पुन्हा म्हणाले.

"काऊन व बाई, पोरीले शिव्या देऊन राहिली?" यशोदा लाजून लाल झाली.

डॉक्टरांनी कागदावर भ्रम असं लिहिलं. वेड्यांच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं.

माझा मुलगा इटलीत गाईंच्या गोठ्यावर काम करतो. सून तिथलीच. नातीला मराठी येत नाही. माझे मालक वारल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही. म्हणून दोन वर्षं मी मोबाइलवर नातीची भाषा शिकत होते. एकटीच. चौथी शिकलेली म्हातारी इटालियन शिकते, हे सांगितलं असतं तर गाव हसलं असतं. यशोदालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पेजेच्या वाटीकडे बघून मी तेच म्हणाले, साले. नात बापाला काही बोलली. तो रडायलाच लागला. मग यशोदाला म्हणाला,

"काकू, आई मीठ मागून राहिली. इकडे मिठाले साले म्हणतात."

"अरे अम्मा, नमक बोलना था ना!" नर्स म्हणाली. बोलता आलं असतं तर तिथे कशाला पडले असते?

डॉक्टर हसले. "डोकं शाबूत आहे," म्हणाले. वेड्यांचा डॉक्टर टळला. स्पीच थेरपी सुरू झाली, म्हणजे बोलण्याची शिकवणी. मीठ मात्र दिलं नाही. बीपी होतं.

मराठी तीन महिन्यांत परत आली, अडखळत. ती आली तशी इटालियन गेली. काऊन, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. फोन आला की नात आणि मी एकमेकींकडे पाहत बसतो. मी पुन्हा पहिल्या धड्यावर आहे.

दवाखान्यातल्या त्या खोलीत लकव्याच्या आम्ही चौघी होतो. दोघी वारल्या. एक अजून बोलत नाही. मी बोलते.