आरशातला इंजिन नंबर

महाल वस्तीतल्या आमच्या गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचायच्या, ग्रीस आणि किस्से. ग्रीस निदान रॉकेलने निघायचं! लोखंडाचं काम वामनभाऊंचं, आरटीओच्या कागदांचं माझं. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं आणि जो तो टॅक्सीवाला गाडीत डिझेल इंजिन बसवायला आमच्याकडे धावला. त्यातलाच शालिकराम. स्टेशनच्या स्टँडवर त्याची वडिलांपासूनची जागा. गाडी पास होऊन महिनाभरात परतला नाही, तर ती कायमची दुसऱ्याची.

*

इंजिन बसलं, पण बॉनेट लागेना. शालिक हबकला. "भाऊ, इंजिन मोठं झालं काय गा?"

वामनभाऊंनी शांतपणे बिडी विझवली.

"इंजिन बरोबर हाये. गाडी लहान हाये!"

दोन दिवस हातोडी चालली. बॉनेट लागलं, कपाळावर टेंगूळ घेऊन.

*

पेट्रोल गाडी चाबीने बंद होते. या डिझेलला बंद करायला वेगळा दट्ट्या ओढावा लागे. भाऊंनी तीनदा सांगितलं होतं. ट्रायलला गेलेला शालिक धापा टाकत पायीच परत आला.

"भाऊ, चाबी माह्या खिशात हाये, अन् गाडी चालूनच राहिली!"

"मंग? खिशातली चाबी तिले काय दिसून राहिली?"

*

पंपवाला गाडी ओळखायचा. त्याने डिझेल द्यायला साफ नकार दिला. शालिकने बॉनेट उघडून दाखवलं, तरी गडी हटेना.

"इंजिन बदललं असन गा. पण आरसी बुकात काय लिहिलं हाये?"

बुकात पेट्रोलच होतं! शालिकने मग डबा नेऊन डिझेल आणलं.

*

आरटीओत इन्स्पेक्टरसाहेबांना इंजिन नंबर बघायचा होता. भाऊंनी इंजिन असं कोंबलं होतं की नंबर पत्र्याकडे तोंड करून बसला होता.

"इंजिन उतरवल्याबिगर दिसत नाही, साहेब."

"मग उतरवून आणा."

"मंग गाडी इथवर येईन कशी?"

"ते मले काहून विचारता? गाडी चालत आली पाहिजे, अन् नंबर दिसला पाहिजे!"

महिना संपायला तीनच दिवस होते. शालिकचा चेहरा मला बघवेना. मी समोरच्या सलूनमधून हातआरसा आणला आणि फटीत धरला. साहेबांनी वाकून वाचलं, "एक, आठ, शून्य, शून्य, एक." बुकात चढवलं, शिक्का मारला. शालिक तिथेच रडला. त्याच संध्याकाळी गाडी स्टँडवर, आपल्या जागेवर उभी!

*

वर्षाने दुरुस्तीला इंजिन उतरवलं. भाऊंनी नंबर पुसून वाचला, "एक, शून्य, शून्य, आठ, एक."

मी बुक काढून ताडून पाहिलं. बुकात एक, आठ, शून्य, शून्य, एक! आरशाने नंबर उलटा दाखवला होता. आणि नुसत्या उभ्या रेघेचा इंग्रजी एक, आठ, शून्य आरशातही जसेच्या तसे दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! आता पकडलं तर इंजिन चोरीचं ठरणार, परमिट जाणार, स्टँडवरची जागाही जाणार. शालिक म्हणाला, "आपणच खरं सांगून टाकू."

इंजिन बसवून आम्ही तिघं आरटीओत गेलो. साहेब तेच होते.

"साहेब, बुकात नंबर उलटा चढला हाये."

"असं? बघू द्या. आरसा आणा."

साहेब वाकले. बुकाशी एकेक आकडा ताडून पाहिला. मग कंबर धरून उभे राहिले आणि आमच्यावरच उखडले.

"एक, आठ, शून्य, शून्य, एक! बुकात हेच हाये. चूक कुठी हाये?"

त्यांनी बुक शालिकच्या हातात आपटलं.

"अन् पुढच्या वर्षीही हाच आरसा आणजा!"