भिंत आधी बघणारे डॉक्टर

आमची गाय गोठ्याची भिंत चाटायची, म्हणून मी भिंतीला तिखट फासलं. बायकोने वर्षभरासाठी कांडून ठेवलेल्या तिखटातलं चांगलं वाटीभर, पाण्यात कालवून. शाळेत पोरांना वळण लावणारा माणूस मी, गाय ती काय! चंद्री दोन दिवस नाक फेंदारून उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी दोरीवरचा माझा बनियन चघळून मोकळी झाली.

भिंतवाल्या डॉक्टरांशी माझी ओळख त्याच भिंतीपाशी झाली. खरं तर ते गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर, पण आमच्या सांगोल्याकडे सुई धरणारा प्रत्येक जण डॉक्टरच. कुठल्याही गोठ्यात शिरले की आधी भिंत बघायचे, मग दावण, आणि गाय सगळ्यात शेवटी. नाव त्यावरूनच पडलं.

चंद्री हिच्या माहेरची. बहात्तरच्या दुष्काळात नुसत्या कडब्यावर तगली, पण पुढे दीड वर्ष झालं तरी माजावर येईना. मी जाहीर केलं, पाडव्यापर्यंत वाट बघायची, नाहीतर बाजार. वांझ गाय बाजारातून पुढे कुठे जाते, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी हिने मला वाढलं आणि स्वतः भाकरी घेऊन चंद्रीपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मला न विचारता दवाखान्यात निरोप धाडला.

डॉक्टरांनी भिंतीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि जोरात ठसकले.

"गुरुजी, हे काय हो?"

"वाईट सवय मोडतोय."

"सवय न्हाय ती. अंगात क्षार कमी पडल्यात, म्हणून माती चाटती. ती मागत हुती, आन् तुमी तिच्या तोंडाला तिखट लावलं की!"

ते मूळचे अक्कलकोटकडचे. माणसांशी मराठी बोलायचे, गाईंशी कानडी. चंद्रीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाले, "येन बेकव्वा?" काय हवं गं आई?

मी म्हटलं, "एखादी सुई टोचून टाका ना."

"घरात पीठ न्हाय, आन् पावण्याला आवतण धाडता व्हय? आदी घर भरू द्या." त्यांनी क्षारांच्या पावडरीचा डबा हिच्या हाती दिला. "रोज पेंडीतनं घाला, वहिनी. गुरुजींच्या हातात डबा देऊ नका."

ही रोज न चुकता घालत राहिली. मी रोज गाईकडे बघून मान हलवत राहिलो. शिवरात्र झाली, पाडवा आठवड्यावर आला, आणि एका पहाटे चंद्री हंबरायला लागली ती थांबेचना. गाईचं पोट दुखतंय, असं निदान मी केलं. "माजावर आलीय! पळा दवाखान्यात," ही ओरडली. एका पायात चप्पल घालून मी सायकल हाणली.

आखाडात डॉक्टरांची करमाळ्याकडे बदली झाली. जायच्या दिवशी आले, चंद्रीला तपासलं, गाभण असल्याची खात्री केली. माझा निरोप घ्यायच्या आधी भिंतीवरून हात फिरवला. तिखट खरवडून दिलेला नवा गिलावा जसाच्या तसा होता. "आता कायबी मागत न्हाय," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली. पुन्हा भेट नाही.

संक्रांतीच्या तोंडावर चंद्रीला कालवड झाली. मी कौतुकाने म्हणालो, "काय माणूस होता! मुक्या जनावराला विचारायचा, काय हवं म्हणून."

खरवसाची वाटी माझ्यापुढे आदळत ही म्हणाली, "विचारायचा खरा. मी तर मुकी पण नाही."