अर्धाच वाचून दाखवलेला नियम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवे होते तिला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते – मी दुःखी नाही. रोह्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी रंगद्रव्ये तपासते. सकाळी पेणहून गाडी पकडते, निडी स्टेशन गेले की डबा आणि ओळखपत्र हाताशी घेते. काम मला आवडते. संध्याकाळी घरी परतते तेव्हा आमच्या गणपतीच्या कारखान्यात वहिनी पाटावर बसलेली असते, आणि मला पाहिल्यावर चहा टाकायला उठते. आमचे चांगले जमते. फार चांगले जमते – आणि हेच मला सांगायला अवघड जाते आहे.

आमच्याकडे मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात. बाबांचा हात कापू लागल्यापासून आखणी वहिनीकडे आली. ती धरमतरकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. बारावीनंतर लग्न होऊन आमच्याकडे आली आणि दोन गणपतींत बाबांच्या पुढे गेली. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात. ओल लागून रंगाला तडे जातात, आणि नेमका डोळ्यावरून तडा गेलेला गणपती कोण घरात घेईल? म्हणून बाबांनी ठरवले, परदेशच्या मूर्ती डोळ्यांविना पाठवायच्या. आखणी तिथे पोचल्यावर.

मग वहिनीचे काम पाहिलेल्या तिथल्या एका मराठी मंडळाने कळवले की आखणीसाठी तीन आठवडे माणूस पाठवा – आणि सुरेखावहिनींनाच पाठवा. नाव घेऊन.

व्हिसाचे सारे माझ्याकडे आले. ते स्वाभाविकच होते. आमच्या घरात इंग्रजी नियम वाचणारी मी एकटी. मी ते नीट वाचले. पाहुणी म्हणून जाऊन कुंचला हातात घेता येत नव्हता. मानधन मिळणार म्हणजे ते काम, आणि कामाला अल्पमुदतीचा परवाना हवा. परवान्यासाठी उमेदवाराकडे संबंधित विषयातील पदवी असावी, अथवा त्या कामाचा सिद्ध अनुभव असावा. अनुभव मूर्तींच्या छायाचित्रांनी आणि मंडळाच्या शिफारशीनेही सिद्ध करता येत होता. वहिनीइतका सिद्ध अनुभव पेणमध्ये किती जणांकडे असेल?

जेवणे झाल्यावर सगळे ओटीवर माझी वाट पाहत बसले होते. मी वाचून दाखवले ते पदवीपर्यंत. तिथे थांबले.

विसरले नाही. चुकले नाही. थांबले.

"म्हणजे माझं नाय व्हायचं," वहिनी म्हणाली.

"कायदाच हाय तसा, त्याला ही काय करणार?" दादा म्हणाला. "बघ, बारावीला पुस्तकं सोडून लग्नाला उभी राहिलीस."

"तुम्हीच मागं लागला होतात. तेव्हा नियम वाचला होता कोणी?"

सगळे हसले. मीही हसले. मग बाबांनी विचारले, तुझी पदवी रंगांचीच ना गो? मी हो म्हणाले. ते विचारतील हे मला ठाऊक नव्हते का? होते. मी तो प्रश्न येईल अशाच बेताने थांबले होते. मंडळाला मी कळवले की घरच्या अडचणीमुळे वहिनींना येणे शक्य नाही, त्यांच्याऐवजी मी येईन.

मला विमानात बसायचे होते. परदेशातील एका विद्यापीठाने मला नाकारले होते आणि ते मला सोसवत नव्हते. ही कारणे आहेत. त्यांचा आधार मी घेत नाही.

निघण्याआधी वहिनीने मला आखणी शिकवली. माझा हात हातात धरून, श्वास कुठे रोखायचा ते सांगून. शिकवताना तिने जराही हात आखडता घेतला नाही. तिथले तीन आठवडे – खरे सांगू? – अतिशय आनंदाचे गेले. माझ्या आखणीबद्दल कुणी तक्रार केली नाही. छायाचित्रे पाहून वहिनी एवढेच म्हणाली, "छान केलंस गो. मोठ्या गणपतीचा डावा डोळा जरा दचकलाय."

आणि मग तिने मुक्त विद्यापीठात नाव घातले. पदवीसाठी. परवान्यासाठी. मला वाटले, महिन्याभरात सोडून देईल. तिने सोडले नाही. रविवारी मी तिला इंग्रजी शिकवत असे. ती रंग सुकेपर्यंत शब्द पाठ करी आणि माझ्या उच्चारांची नक्कल करून दादाला हसवी. त्या रविवारांइतके स्वच्छ सुख मला क्वचितच मिळाले आहे. दर रविवारी खरे सांगता आले असते. पण ती शिकते आहे, फुलते आहे, मग बिघडले काय – असा हिशेब मी मांडत राहिले. नातेवाईक म्हणत, नणंदेने वहिनीला शिकवले. मी नम्रपणे मान खाली घालत असे.

ती मराठी साहित्य घेऊन बी. ए. झाली. यंदा मंडळाचे निमंत्रण पुन्हा आले. तिने पदवीचे प्रमाणपत्र माझ्यापुढे ठेवले.

"बघ गो. आता बसते का तुझ्या नियमात?"

त्या कागदाचा या अर्जाशी काहीही संबंध नव्हता. मराठी साहित्य हा आखणीशी संबंधित विषय नव्हे. मी अर्जात तिचा अनुभवच मांडला, मूर्तींची छायाचित्रे जोडली, आणि परवाना त्याच आधारावर मंजूर झाला.

"बसतेस, वहिनी," मी म्हणाले.

श्रावणात ती निघेल. बॅग आम्ही दोघींनी मिळून आणली. कुंचले कसे गुंडाळायचे यावर वाद घालतो, हसतो. घर आनंदात आहे, आणि त्यात मीही आहे – मनापासून. शेजारच्या कारखान्यातल्या बायका विचारायला आल्या की वहिनी त्यांना सांगते, "शिकले म्हणून चालले." मी तिथेच उभी असते. ती चार वर्षांपूर्वीही जाऊ शकली असती, होती तशीच. मी तिच्या जागी गेले.