खालून दिसलेला पाग

परवा सीवूड्सच्या मॉलमध्ये नातू अंतराळातल्या लढाईचा गेम खेळत होता. शत्रूच्या गोळ्या पंख्यासारख्या पसरल्या आणि मला ऐंशीच्या दशकातलं वाशीचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. तेव्हा मी कॉलेजात होते. माझे बाबा करावे गावचे, खाडीत पाग टाकून मासे, त्यांच्या भाषेत मावरं, धरणारे. एकदा आम्ही दोघं वाशीला गेलो, त्या दिवशी त्यांनी पाग, म्हणजे ते गोल फेकजाळं, नवीनच घेतला होता. तो खांद्यावर टाकून बाबा दुकानात माझ्यामागे उभे होते.

शत्रूची छोटी यानं सरळ गोळ्या सोडायची. त्यांच्यानंतर येणाऱ्यांच्या गोळ्या सापासारख्या लांब माशागत वळवळत यायच्या. बाबा हसले, "ही तं वाम हाय!"

मग मोठं यान आलं. त्यानं एकच ठिपका सोडला. तो फुटला आणि ठिपक्यांचं गोल जाळं उघडत उघडत माझ्या शेवटच्या यानावर उतरू लागलं. इतकं देखणं काही मी पाहिलंच नव्हतं. गेमचा दांडा हलवून यान बाजूला न्यायचं राहून गेलं.

"जनमभर वरून टाकला," बाबा हळूच म्हणाले. "मावऱ्याला खालून आसा दिसतो व्हय गो?"

यान गेलं म्हणून मी चिडले. बाबा मात्र बाहेर रस्त्यावर आल्यावरही मान वर करून आभाळाकडे बघत चालत होते.