बागेत बसायला

निमगाव साव्याच्या साळुबाईला बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. लग्नात पंगत बसली की ही वाढायला. मयताला गेली तर चार बायकांत बसून रडायचं सोडून हिचं लक्ष चहा टाकलाय की नाही इकडं. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण द्राक्षाच्या विरळणीचे दिवस आले की सगळ्यांच्या आधी तिची मजूर बायकांची टोळी बागेत हजर.

ज्यांनी द्राक्षं नुसती खाल्लीत त्यांच्यासाठी सांगतो. घडात मणी दाटले की फुगत नाहीत. म्हणून मणी बारीक असतानाच लहान कात्रीनं मधले मधले काढून टाकायचे, त्याला विरळणी म्हणतात. आमच्याकडं वेल डोक्यावरच्या मांडवावर, घड वरून खाली लोंबणार, त्यामुळं दिवसभर हात वर आणि मान वर. काम जोडीनं चालतं. वेलीच्या या अंगाला एक बाई, त्या अंगाला दुसरी, म्हणजे घड सुटत नाही आणि गप्पाही तुटत नाहीत. साळुबाईची जोडी नूरबीशी. ती जोडी किती वर्षांची हे त्या दोघींनाही धड सांगता यायचं नाही. नूरबीच्या घरी काय शिजलंय ते नूरबीच्या सुनेआधी साळुबाईला कळायचं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तर दिवाळी सरली होती आणि टोळी कळंबच्या एका बागेत लागली होती. जेवणाच्या सुट्टीत मंगलनं मोबाईल पुढं केला. मंगल ही टोळीतली तरणी बाई, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघीण. मोबाईलवर नाशिककडची वाईनची बाग दाखवत होते. शहरातली माणसं वेलींच्या मधोमध खुर्च्या टाकून बसलेली, कुणी टोपी घालून फोटो काढतंय, कुणी नुसतंच डोंगराकडं बघतंय.

"ही कुठली टोळी?" साळुबाईनं विचारलं.

"टोळी न्हाई काकू, फिरायला आल्यात."

"बागेत?"

"बागेतच की."

"आन बागवाला काय म्हणत न्हाई?"

"तोच या या म्हणतो. आधी नाव नोंदवाया लागतं."

बायका हसून हसून बेजार झाल्या. बागेत काय फिरायचं असतं, डोकं फिरलंय लोकांचं, असं बरंच काही झालं. साळुबाई मात्र हसली नाही. दुपारभर ती गप्प होती आणि पानांच्या पलीकडून नूरबीला ते कळत होतं. शेवटी नूरबीच म्हणाली, "काय डोक्यात हाय ते सांगून टाक."

"आपुन जाऊ तिकडं."

"तिथं दारू करत्यात, साळू. मला तर ती हराम. तुझ्या मालकाच्या गळ्यात माळ, तू काय पिणार न्हाईस. मग जायचं कशाला?"

"बसायला," साळुबाई म्हणाली.

नूरबीची कात्री थांबली. साळुबाईनं मग एका दमात सांगून टाकलं. सारा जन्म बागेत गेला, पण एकदाही कुणी बागेत बस म्हणालं नाही. बांधाला टेकलं तरी मुकादम हाक मारायचा. एकदा, एकदाच, पावणी म्हणून बागेत जायचं, खुर्चीवर बसायचं आणि द्राक्षाकडं हात वर न करता बघायचं. एवढीच इच्छा आहे, आणि ही इच्छा राहिली तर जीव हळहळेल.

"मग जाऊ," नूरबी म्हणाली, आणि दोघी पुन्हा कामाला लागल्या.

जाऊ म्हणणं सोपं असतं. पहिला अडसर घरातलाच. साळुबाईचा नवरा भिमाजी म्हणजे माळकरी माणूस, एकादशीला चहासुद्धा विचार करून घेणारा. त्याच्या कानावर गोष्ट गेली तशी तो जेवता जेवता थांबला. "दारूच्या कारखान्यात जायचं? माझ्या गळ्यात माळ हाय."

"माळ तुमच्या गळ्यात हाय, आन जायचं मला हाय."

सुनेनं, म्हणजे वृषालीनं, मधला मार्ग काढला. वणीच्या देवीला चाललो म्हणून सांगू, जाता जाता बाग बघू, गावातही काही बोभाटा व्हायचा नाही. साळुबाईनं तो मार्ग जागच्या जागी बंद केला. देवीला जायचं तेव्हा देवीला जाऊ, खोट्यात तिला मधी घालायचं नाही, म्हणाली.

"मग गावाला सांगू काय मी?" भिमाजी करवादला.

"सांगा, बाग बघाया गेली."

"बागा काय हितं कमी पडल्यात?"

"हितल्या बागांनी मला कधी बस म्हणलं न्हाई."

भिमाजी ताटावरून उठला. हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसला. माणूस कडक, पण दगड नव्हे. सकाळी दाढी करता करता आरशाकडं बघूनच म्हणाला, "तिकडं वेल तारंला कशी बांधत्यात तेवढं बघून ये." आमच्याकडं परवानगी अशीच मिळते, आणि ती ओळखायची अक्कल बाईला असावी लागते. साळुबाईला ती होती.

नाव नोंदवायला वृषालीनं फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलत होती. किती जणी येणार, अकराची वेळ चालेल का, सगळं झालं. मग तिनं विचारलं, वाईन चाखणार किती जणी? वृषालीनं तिघींच्या तोंडाकडं पाहिलं. साळुबाई आणि नूरबीनं माना हलवल्या. मंगलनं हळूच एक बोट वर केलं.

"घे बाई," साळुबाई म्हणाली, "पर गाडीत वकलीस तर चालत यायचं."

चौघींत एकच चाखणार म्हटल्यावर ती मुलगी घुटमळली. मग बाकीच्यांना काय दाखवायचं, हा तिचा प्रश्न रास्तच होता. तेव्हा साळुबाईनं फोन हातात घेतला. "बाय, आमी बसाया येणार हाय. खुर्ची हाय ना?"

"आहे मावशी."

"वेलीजवळ?"

"हो, अगदी जवळ. वर छत्री लावून देते."

"मग झालं," म्हणून तिनं फोन सुनेला दिला. मंगल तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

पुढं संक्रांतीचं हळदीकुंकू उरकेपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. नेसायचं काय यावर तीन दिवस खल झाला आणि साळुबाईनं नवं हिरवं लुगडं काढलं. न्यायचं काय यावर भांडण झालं. वृषाली म्हणत होती तिथं हॉटेल आहे, साळुबाई म्हणत होती घरची भाकरी सोडून हॉटेलात शिरायला आपण काय अनाथ आहोत का. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, नूरबीच्या हातचे गुलगुले, असं गाठोडं तयार झालं. फक्त विरळणीच्या कात्र्या घरी ठेवायच्या, हे साळुबाईनं सगळ्यांना बजावून सांगितलं. पावण्यांच्या हातात कात्री शोभत नाही.

एवढी जय्यत तयारी, आणि घोळ झाला तो वेळेत. अकराची वेळ म्हटल्यावर साळुबाईनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ऊन डोक्यावर आल्यावर बागेत जाणारा माणूस तिनं आळशीच पाहिला होता. तिनं कुणाला न विचारता नूरबीच्या धाकट्या दिराला, मेहबूबला, कोंबडा आरवायच्या आत जीप आणायला सांगितली. मेहबूब गरीब माणूस, वहिनीच्या मैत्रिणीला नाही कसं म्हणणार. जानेवारीची थंडी, जीपला कापडाचे पडदे, वारा आत भणभणतोय. बागेत कामाला जाताना लुगड्यावर घालतात ते नवऱ्याचे जुने शर्ट बायकांनी सवयीनं घालून घेतले आणि डोक्याला रुमाल बांधले. चंदनापुरीच्या घाटात वृषालीला मळमळायला लागलं, ती मागच्या बाकावर आडवी झाली. मेहबूबनं गाडी अशी हाणली की सूर्य नीट वर यायच्या आत चौघी वाईनच्या बागेच्या दारात.

दार मोठं, झकपक. वॉचमननं समोर पाहिलं तर नवऱ्याचे शर्ट घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, हातात भाकरीचं गाठोडं घेतलेल्या तीन बाया. काही उर्मटपणा नाही, चांगल्या शब्दांत म्हणाला, "मावशी, तोडणीवाल्यांचं गेट मागच्या अंगाला."

आणि दोन महिने पावणी व्हायची तयारी केलेली आमची साळुबाई हो म्हणाली आणि मागच्या गेटाकडं चालायला लागली. तिच्या मागं नूरबी, नूरबीच्या मागं मंगल. एकीच्याही डोक्यात आलं नाही की आपण चाललोय कुठं. सांगितलं तिकडं वळायचं, याला पाय सरावलेले होते. वृषाली जीपमध्ये झोपली होती आणि मेहबूब चहा शोधत गेला होता, तेव्हा अडवणारंही कुणी नव्हतं.

मागं तोडणी चालू होती. टोळीतल्या एका बाईनं तीन कात्र्या काढून दिल्या आणि क्रेट पुढं सरकवला, "नव्या का? ही ओळ घ्या." झालं. साळुबाई वेलीच्या या अंगाला, नूरबी त्या अंगाला, मंगल पुढच्या वेलीला. वेल इथं मांडवावर नव्हती, तारांच्या कुंपणासारखी उभी, घड कमरेएवढ्या उंचीवर. मान वर करावी लागत नाही याचंच साळुबाईला इतकं कौतुक वाटलं की क्रेट कधी भरला ते समजलं नाही. दुसराही भरत आला. फक्त घड बघून तिचा जीव वरखाली होत होता. मणी एकाला एक चिकटलेले, बारके, बोटसुद्धा आत जाईना.

"ह्याची विरळणी कुणी केली व्हती गं?" तिनं क्रेट देणाऱ्या बाईला विचारलं. "निस्तं नासवलंय."

ती बाई हसली. तिचं नाव भागू, दिंडोरीकडची, साळुबाईच्याच वयाची. "वाईनच्या द्राक्षाला विरळणी नसती, बाय. मणी बारकाच पायजे. तुमी कुठल्या टोळीच्या?"

"टोळी कुठली, आमी तर पावण्या," साळुबाई बोलून गेली, आणि हातातला घड तसाच राहिला.

पलीकडून नूरबीनं पानं बाजूला केली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मंगलला आधी हसू फुटलं, मग नूरबीला, मग सगळी टोळी हसायला लागली. साळुबाईला मात्र हसू येईना. तिला स्वतःचा असा राग आला की काय सांगावं. नवऱ्याशी भांडले, गावाचं बोलणं ऐकलं, नवं लुगडं नेसले, आणि इतक्या लांब येऊन पुन्हा क्रेटच भरला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आपणच आपल्या पायांनी आलो, याचंच तिला जास्त लागलं. डोळे भरून आले, ते तिनं शर्टाच्या बाहीनं पुसले, आणि शर्ट बघून आणखी भरून आले.

"खुर्चीत बसाया आल्ते," ती भागूला म्हणाली. "सारा जन्म बागेत गेला, पर बागेत बसले न्हाई कधी."

भागूचं हसू थांबलं. मग तिनं साळुबाईच्या हातातला घड काढून घेतला, क्रेट पायानं बाजूला सारला, ओळीच्या सावलीत आपलं बारदान अंथरलं आणि वरून हात फिरवून सारखं केलं.

"बसा पावणं," ती म्हणाली. "आमच्या बागेत आल्या, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

बाग काही भागूची नव्हती. पण ती असं म्हणाली की टोळीतल्या एकीलाही त्यात वावगं वाटलं नाही. कुणी किटली आणली, कुणी नूरबीला ओढून शेजारी बसवलं. मुकादम लांबून ओरडला तशी भागू त्याच्यावरच खेकसली, पावण्या आल्यात, दिसत नाही का. साळुबाई बसली. समोर वेलीवर उन्हं आली होती. जरा वेळानं एक घड तुटून तिच्यापाशी पडला, तिचा हात गेला, आणि भागूनं तो हात धरून पुन्हा मांडीवर ठेवला.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला वृषाली धावत आलेली दिसली, केस विस्कटलेले, धापा टाकत. "आत्या, कुठं शोधू तुम्हाला? लवकर आलो तरी तिकडं खुर्च्या मांडल्यात, छत्री लावलीय, ती मुलगी आपली नावं पुकारतीय."

साळुबाईनं शर्टाची बटणं काढली, खालचं हिरवं लुगडं नीट केलं आणि बशीत चहा ओतला.

"येतो म्हणावं सावकाश," ती म्हणाली. "सांग तिला, पावण्या बसल्यात."