साडेसातचा फोन

नवऱ्याच्या ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. लाल विटांचा भलामोठा घुमट, खाली दाटीवाटीने लाल कौलं, मागे डोंगर. विक्रोळीच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. दिवसभर बोर्डावर वाकून मशीनचे भाग काढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत त्या घुमटाकडे बघत डबा खायचा. मी त्याच ऑफिसात टायपिस्ट होते, म्हणून मला माहीत. माझ्याशी पहिल्यांदा बोलला तोच मुळी त्या घुमटाबद्दल. सहाशे वर्षांपूर्वी, खालून टेकू न लावता बांधलाय म्हणे. मी म्हटलं, "मग? पडला नाही ना अजून?" तो हसला. असं आमचं जमलं.

तो घुमट इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आहे. "आपण जाऊ एकदा" हे मी तीसेक वर्षं ऐकलं. आधी मुलुंडच्या घराचे हप्ते होते, मग कंपनीत माणसं कमी करायला लागले, मग सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. त्यानंतर त्या पलंगावरून उठल्या नाहीत. मूलबाळ नाही आम्हाला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. नऊ वर्षं नवऱ्याने आईचं सगळं केलं. बाई ठेवली होती, पण अंग पुसायला, भात भरवायला, रात्रीची गोळी द्यायला त्यांना मुलगाच लागायचा. मी करायला गेले की म्हणायच्या, "राहू दे गं, तो येईल." राग यायचा मला. कशाला खोटं बोलू?

शेवटी धाकटे दीर बोरिवलीहून आले आणि म्हणाले, "दादा, वहिनी, तुम्ही दोघं जाऊन या. दहा दिवस मी इथे राहतो." नवरा तयारच होईना. तेव्हा सासूबाईंनी त्याला झापलं. "जा रे बाबा. मी काय पळून चाललेय? तो घुमट बघ आणि मला येऊन सांग." निघताना त्यांनी त्याच्या हातावर दही घातलं, त्यातलं अर्धं चादरीवर सांडलं. मी ती चादर तशीच टाकून टॅक्सीत बसले.

एक सांगायला हवं. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे आणि दोघंच असलो की सरळ अरे-तुरे. इटलीत पाऊल ठेवल्यापासून अरे-तुरेच चाललं होतं. रस्त्यात मोठ्यांदा हाक मारायचे, "अरे, थांब ना रे!" इतकं मोकळं मला लग्नाच्या पहिल्या वर्षातही वाटलं नव्हतं.

आम्ही टूरबरोबर गेलो होतो, पण फ्लॉरेन्सचा दुसरा दिवस मोकळा होता. घुमटावर चढायची वेळ त्याने तीन महिने आधी घेऊन ठेवली होती, दुपारी बाराची. त्या सकाळी तो आंघोळीला गेला होता आणि आत गात होता. बेसूर, मोठ्यांदा. मुलुंडच्या घरात तो कधी गायचा नाही, आई झोपलेली असायची. साडेसात वाजता माझा फोन वाजला. परदेशातलं पॅक आम्ही एकाच फोनवर घेतलं होतं, माझ्या. दोघांना कशाला हवंय, असं मीच म्हटलं होतं.

दीर होते. "वहिनी, आई गेली गं." सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या आणि संपलं. तिकडे अकरा वाजले होते. मी पलंगाच्या कडेला बसले. "दादाला दे ना," ते म्हणाले. मी म्हटलं, आंघोळीला गेलेत. मग त्यांनी विचारलं, "थांबवू का? आजच्या आज निघालात तर उद्या दुपारपर्यंत पोचाल. उद्यापर्यंत ठेवायची सोय होईल, मी विचारलंय. नाहीतर चार वाजता नेतो. दादाला विचार आणि सांग, मी फोन धरून आहे."

बाथरूमचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. पाण्याचा आवाज येत होता आणि तो गात होता. मी उठले. दारापर्यंत गेले. हात वर केला, टकटक करायला. आणि तशीच परत येऊन फोनवर म्हटलं, "विचारलं. नका थांबवू म्हणतात."

दीरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो. आईंना गारठा सोसायचा नाही, असं म्हणाले. तुम्हीच अग्नी द्या. आईला धाकट्यानेच द्यायचा असतो." हे सगळं मी त्याच्या तोंडी घातलं. एवढं खोटं मला इतकं पटापट कसं सुचलं, कुणास ठाऊक.

तेव्हापासून मी स्वतःला कितीतरी कारणं दिलीत. नऊ वर्षं राबला तो, एक दिवस त्याचा हक्काचा होता. गेलेलं माणूस थोडंच परत येणार होतं? धावतपळत पोचून त्याला काय मिळणार होतं, तर गारठलेलं अंग. सगळं खरं आहे. पण त्याच्याखाली आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. मला तो दिवस हवा होता. सासूबाई त्या घरात होत्या तोवर नवरा पूर्ण माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता आणि त्या सकाळी तो गात होता. एक दिवस, फक्त संध्याकाळपर्यंत, मग सांगू, असं मी ठरवलं.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "कुणाचा गं फोन?" मी म्हटलं, "भाऊजींचा. आई बऱ्या आहेत. चहा घेऊन झोपल्यात." "मग संध्याकाळी बोलू," तो म्हणाला आणि नवा शर्ट चढवला. निळा, चौकटीचा.

घुमटाच्या आतून वर जायला अरुंद जिना आहे, दोन भिंतींच्या मधून. चारशेच्या वर पायऱ्या. साठीचा माणूस, पण पोरासारखा चढत होता. मधेच थांबून भिंतीवर तळवा ठेवायचा. "बघ, बघ, विटा कशा तिरक्या बसवल्यात. एकमेकींना धरून राहतात, म्हणून टेकू लागला नाही." मागची माणसं खोळंबायची, मी सॉरी सॉरी म्हणायचे. मी दोनदा पायरी चुकले. त्याला वाटलं, चढण झेपत नाही. माझा हात धरून त्याने मला वर नेलं.

वर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. म्हणजे मुलुंडमध्ये चार. ते हिशेब मी थांबवू शकत नव्हते. त्याने दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "आलो एकदाचे!" शेजारच्या गोऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्याने त्यातल्या एका बाईला आमचा फोटो काढायला लावला, स्वतःच्या फोनवर. चांगला आलाय फोटो. तो दात काढून हसतोय आणि मीही हसतेय. सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नाही.

खाली उतरून मी त्याला आइस्क्रीम घेऊन दिलं. पिस्त्याचं. मग त्याने आणखी एक घेतलं, आंब्याचं, आणि आपल्या हापूसची सर नाही म्हणून नाक मुरडत सगळं संपवलं. नंतर एका गल्लीत लहानसं चर्च दिसलं, तिथे आत गार होतं म्हणून टेकलो. समोर मेणबत्त्या लावल्या होत्या. नवरा देवळात जाणारा नाही, आई सांगेल तेवढाच देवाचा. पण तो माझ्याकडे वळला. "सुट्टे आहेत का गं? आईसाठी एक लावतो. बरी राहू दे म्हणावं, अजून चार वर्षं तरी."

माझ्या आतून आवाज आला, माझ्या मालवणी आईचा, लहानपणी दामटायची तसा: गप रव. मी पर्स उघडली, नाणं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्याने मेणबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटले. मी बाकावर बसून बघत राहिले. तेव्हा तरी बोलायचं होतं. त्या क्षणी बोलले असते तर कदाचित वाचले असते मी. पण तोपर्यंत इतकी पुढे गेले होते की परत फिरायला तोंडच नव्हतं.

चहा झाला की सांगू, असं मी मनाशी ठरवलं आणि सहाच्या सुमारास आम्ही हॉटेलवर आलो. बाहेर लख्ख ऊन होतं. मी एक गोष्ट विसरले. त्याच्या फोनला पॅक नव्हतं, पण हॉटेलचं वायफाय होतं. दारातून आत शिरलो आणि त्याच्या खिशातला फोन थरथरायला लागला, थांबेचना. त्याने काढून बघितलं. आमच्या सोसायटीचा ग्रुप. सासूबाईंचा हळदीकुंकवाला काढलेला फोटो, भोवती गुलाबाची फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि त्याच्याखाली हात जोडलेल्यांची रांग.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"साडेसातला?"

मी मान हलवली. तो खोलीत गेला आणि निळ्या शर्टासकट डोक्यावरून पाणी घेतलं, सुतकाची आंघोळ. बाहेर आला तेव्हा शर्टातून पाणी गळत होतं. पलंगावर तसाच बसला आणि म्हणाला, "मला आइस्क्रीम खायला घातलंस तू." ओरडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण तो मला काही तरी समजावून सांगत असल्यासारखा बोलला.

मग त्याने माझ्या फोनवरून भावाला फोन लावला. स्पीकर चालूच राहिला होता, म्हणून मला ऐकू आलं. दीर रडत होते. "दादा, तूच नको थांबवू म्हणालास ना? म्हणून मी चारला नेलं. सगळे विचारत होते रे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. मीच म्हणालो."

झालं. तेव्हापासून ते त्याच्या नावावर आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. दहाव्याला त्याच्या मावशीने सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "आई मेली आणि हा बायकोबरोबर चर्चं बघत फिरत होता." तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी उठून उभी राहिले तर हाताला धरून मला खाली बसवलं. घरी आल्यावर मी रडून म्हटलं, मी भाऊजींना खरं सांगते, आत्ताच्या आत्ता सांगते. तो म्हणाला, "सांगून तुला हलकं वाटेल. मला काय?"

मी भाऊजींना सांगितलं नाही. हे आता लिहितेय, तेही त्यांना माहीत नाही.

दोन वर्षं झाली. भांडण नाही, अबोला नाही. भाजी आणतात, गॅसचा नंबर लावतात, माझ्या गुडघ्याला तेल लागलं तर तेही आणून देतात. हो, 'आणतात'. अहो म्हणायला लावणारं माणूस घरात उरलं नाही आणि आता दोघंच असताना माझ्या तोंडून अहोच येतं. अरे म्हणायला जीभ वळत नाही. सासूबाईंचा पलंग काढला, तिथे रिकामी भिंत आहे. इटलीतले फोटो त्यांनी फोनमधून पुसले नाहीत. एकदा दुपारी मी बघितलं, घुमटावरचा फोटो उघडून बसले होते आणि खालची वेळ बघत होते. बारा चौतीस. ओठ हलत होते. तीन तास आणि अर्धा मिळवत असणार.

मी शेजारी बसले. धीर करून विचारलं, "अहो, तो दिवस... चांगला गेला होता ना?"

"फार चांगला गेला," ते म्हणाले. "तसा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. त्याचंच काय करू, ते कळत नाही मला."

आणि फोन. माझा फोन वाजला की हातातलं टाकून उठतात. मी पोळ्या लाटत असेन, झोपले असेन, उचलून माझ्यापुढे धरतात आणि मी बोलेपर्यंत उभे राहतात. परवा मी आंघोळीला बसले होते, डोक्याला शिकेकाई, डोळे मिटलेले. दारावर टकटक झाली.

"फोन आहे तुझा."

"अहो, नंतर करते म्हणा."

"नाही. आत्ता घे."

दार किलकिलं करून ओला हात बाहेर काढला. कुठल्याशा बँकेची मुलगी होती, कर्ज हवंय का विचारत होती. मी नको म्हटलं आणि फोन परत बाहेर दिला. त्यांनी तो घेतला, पण गेले नाहीत. दाराखालच्या फटीतून त्यांची पावलं दिसत होती.

"कोण होतं?"

"कोणी नाही हो."

"नीट सांग," ते बाहेरून म्हणाले. आवाज फुटला होता त्यांचा. "काय झालं असेल ते आत्ता सांग मला."

शिकेकाई डोळ्यांत उतरत होती. मी दाराला कपाळ टेकवून सांगितलं, बँकेची मुलगी होती, कर्जाचं विचारत होती, बाकी काही नाही, कुणाला काही झालेलं नाही. पावलं तिथेच होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.