कळंबची मेंढरं आणि दोन दिवस

सोमवारी सकाळी मंचरहून आलेल्या हवालदाराने तीन सीलबंद बरण्या लॅबच्या टेबलावर ठेवल्या. आमचे प्रमुख, सर, मला म्हणाले, "शेटे, ही केस दीपालीला द्या."

बरण्यांवर कळंबचं नाव होतं. माझं गाव पिंपरी पेंढार. पुण्याच्या त्या सरकारी लॅबमध्ये तिकडच्या मातीतला मी एकटा, आणि केस मिळाली दीपालीला. ती माझ्यामागून सहा वर्षांनी आली, एम.एस्सी. करून, थेट माझ्या वरच्या पोस्टवर. कुठलं केमिकल कुठल्या कपाटात हे तिला मीच दाखवलं होतं. सर तिला "बस" म्हणत, मला "ते आणा" म्हणत.

हवालदाराने हकीकत सांगितली. "धोंडूची चौदा मेंढरं एका दुपारी मेली. रामभाऊच्या ज्वारी काढलेल्या रानात चरत व्हती. औंदा दोघांचं वाजलं व्हतं, रामभाऊ आदल्या दिवशी बोलला व्हता, पुन्हा आलास तर बघून घेईन. त्याच्या झोपडीत फवारायच्या औषधाची बाटली घावली. आत टाकलाय त्याला. गावात लई तापलंय साहेब, रिपोर्ट लवकर द्या."

बरण्यांत मेंढ्यांच्या पोटातला चारा होता. सील फोडून तो गाळायचं काम माझं. पहिलीच बरणी उघडली आणि मला न चघळलेली पानं दिसली. कोवळी, पोंग्यासारखी गुंडाळलेली. ज्वारीचे फुटवे.

पीक काढल्यावर रानाला पाणी मिळालं की धसकटांना फुटवे येतात. त्या कोवळ्या फुटव्यांतून जनावराच्या पोटात सायनाइड तयार होतं. आमच्याकडे त्याला किराळ लागणं म्हणतात. "फुटव्यात गुरं सोडू नको," हे माझी आई रोज बजावायची. म्हणजे रामभाऊने काही केलंच नसावं.

मी वळून दीपालीकडे पाहिलं. सर तिच्या टेबलापाशी उभे राहून तिची मागच्या केसची नोंद वाचत होते आणि मान डोलावत होते. मी चारा गाळला, बरणी बंद केली आणि गप्प बसलो. एवढी हुशार आहे तर शोधू दे.

पोलिसांच्या पत्रात कीटकनाशक तपासा असं होतं, म्हणून तिने तेच तपासलं. काचेच्या पट्टीवर अर्काचा थेंब टाकायचा, पट्टी द्रावणात उभी करायची, कीटकनाशक असेल तर ठिपका उमटतो. सोमवारी ठिपका नाही. मंगळवारी पुन्हा केलं, पुन्हा नाही. तिचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

बुधवारी सकाळी तिने विचारलं, "शेटे, तो तुमचाच भाग ना? मेंढरं आणखी कशाने मरतात?"

"बऱ्याच कशाने मरतात, मॅडम," मी म्हणालो.

ती पुन्हा कामाला लागली.

दुपारी हवालदाराचा फोन आला. रामभाऊच्या कडब्याच्या गंजीला कोणीतरी काडी लावली होती. फोन मीच घेतला होता. ठेवला आणि सरळ तिच्याकडे गेलो.

"मॅडम, ही किराळ आहे. सायनाइड. पिक्रेटची पट्टी लावा."

ही चाचणी सोपी. पिवळ्या कागदाची पट्टी नमुन्याच्या वाफेवर टांगायची. सायनाइड असेल तर ती विटकरी लाल होते. पण हे विष उडून जाणारं. दिवस जातील आणि बरणी उघडाल तसं कमी होत जातं. आम्ही दोघं पट्टीकडे बघत उभे होतो. ती जेमतेम नारिंगी झाली. आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे.

सर तिच्यावर चिडले. "पहिल्या दिवशी पट्टी का नाही लावली? आता यावर ठाम काय लिहिणार?"

ती खाली मान घालून ऐकत होती. दोन वर्षं मला हेच बघायचं होतं. आणि आता बघवेना.

"सर, मला सोमवारीच दिसलं होतं," मी म्हणालो. "मी सांगितलं नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "का?"

दीपालीला कारण कळलं असावं. ती उठून बाहेर गेली.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं : कीटकनाशक आढळले नाही, सायनाइडची शक्यता आहे, निश्चित सांगता येत नाही. रामभाऊ सुटला. पण धोंडूच्या माणसांनी शेवटचे शब्द तेवढे धरले. "सरकारलाच नक्की म्हाईत न्हाई," असं ते सांगत फिरले, असं हवालदार म्हणाला. वर्षानुवर्षं रामभाऊच्या रानात लेंडीखतासाठी रात्री बसणारी त्यांची मेंढरं पुन्हा तिथे बसली नाहीत.

मला मेमो मिळाला, प्रमोशन लांबलं. ते रास्तच होतं. दीपाली महिनाभर कामापुरतंच बोलली. मग एक दिवस तिने खेड्यातून आलेली एक बरणी माझ्यापुढे सरकवली. "पाला मला ओळखता येत नाही. आधी तुम्ही बघा, आणि जे दिसेल ते लिहून सही करा." तोंडी सांगण्यावर तिने पुन्हा विश्वास ठेवला नाही.

नव्या मुलांना मी एवढंच सांगत आलो : जे दिसलं ते त्याच दिवशी नोंदवा, केस कुणाचीही असो.